नागपुरात घर भाड्याने घेताना आणि देताना : घर पाहण्यापासून किल्ली परत करेपर्यंत

नोकरी, शिक्षण किंवा उपचारांच्या निमित्ताने नागपुरात नव्याने येणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक वाक्य ऐकू येते : "अकरा महिन्यांचं लिहून घेऊ, नोटरी करून टाकू, तुम्ही घरच्यासारखे राहा." असे म्हणणाऱ्याचा हेतू क्वचितच वाईट असतो. परंतु पुढे भिंतीला ओल आली, डिपॉझिट अडकले किंवा मालकाच्या मुलाचे लग्न ठरून घर तातडीने रिकामे करण्याची वेळ आली, की "घरच्यासारखे" म्हणजे नेमके काय, हे दोघांनाही सांगता येत नाही. मी या शहरात नऊ वर्षे किरायाने राहिलो आणि आता स्वतःच्या घराचा वरचा मजला भाड्याने देतो. दोन्ही बाजूंनी व्यवहार केल्यावर माझे मत असे झाले आहे की घर सोडताना होणाऱ्या वादांपैकी बहुतेकांचे मूळ घर घेतानाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत असते. म्हणून या लेखात त्या दिवसांविषयी अधिक लिहिले आहे.

भाडेकरू आणि परवानाधारक यांतील फरक

बोलताना आपण भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाला भाडेकरूच म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि आपण कोणत्या प्रकारात बसतो यावर पुढचे जवळजवळ सगळे हक्क अवलंबून असतात. महाराष्ट्रात या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यापूर्वी विदर्भात मुंबईचा कायदा चालत नव्हता, येथे सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर, १९४९ हा आदेश लागू होता आणि त्यानुसार भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी मालकाला भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागत असे. महाल, इतवारी किंवा सीताबर्डीच्या जुन्या वाड्यांत आणि दुकानांत आजही अत्यल्प भाड्याने राहणारी कुटुंबे दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे. असा जुना भाडेकरू कायद्याने संरक्षित असतो, त्याच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांनाही काही अटींवर ते संरक्षण मिळते, आणि कायद्याने सांगितलेल्या कारणांशिवाय त्याला काढता येत नाही.

आज नव्याने होणारे बहुतेक करार मात्र लिव्ह अँड लायसन्स या प्रकारचे असतात. याचे मूळ भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. यात मालक आपल्याला ठरावीक काळासाठी घर वापरण्याची केवळ परवानगी देतो; अशी परवानगी घेऊन राहणारा तो परवानाधारक. घराचा कायदेशीर ताबा त्याच्याकडेच राहतो. मुदत संपली की परवानगीही संपते. १९९९ च्या अधिनियमातील कलम २४ नुसार मुदत संपल्यावरही राहण्यासाठी दिलेले घर सोडले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून घर परत मिळवू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. "करार संपला तरी काय होतंय, भाडं तर देतोच आहोत" असे म्हणत चार-सहा महिने तसेच राहणाऱ्यांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावे.

कराराच्या शीर्षकात काय लिहिले आहे आणि आतील अटी काय सांगतात, हे दोन्ही पाहावे. शीर्षक "भाडेपत्र" आणि आत "परवाना", अशी सरमिसळ झालेली कागदपत्रे मी पाहिली आहेत. वाद झाला की वकिलांची चांगली सोय होते, एवढाच त्याचा उपयोग.

पहिली पायरी : घर कोणत्या महिन्यात पाहता आहात याचे भान

विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातील कंपन्यांत नोकरी असेल किंवा एम्सला जायचे असेल तर मनीषनगर, बेसा, बेलतरोडी हा पट्टा सोयीचा पडतो. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम असेल तर त्रिमूर्तीनगर, जयताळा. मेडिकलच्या विद्यार्थ्यांना हनुमाननगर आणि अजनीचा परिसर. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना मिळतात, त्यामुळे स्थानकापासून चालत जाता येईल असे घर मिळाले तर कामाचे ठिकाण थोडे लांब असले तरी चालते. या गोष्टी कोणीही सांगेल. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते नागपूरच्या हवामानाचे.

डिसेंबरात पाहिलेले घर मे महिन्यात वेगळेच निघते. येथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि होळीपासून पावसापर्यंत कूलरशिवाय राहणे अवघड असते. म्हणून घर पाहताना कूलर बसेल अशी खिडकी आहे का, तिला ग्रिल असेल तर ती काढता येते का, बाहेर लोखंडी स्टँड लावायला मालकाची हरकत नाही ना, आणि कूलरमध्ये भरायला पाणी कोठून घ्यायचे, हे चार प्रश्न तेव्हाच विचारावेत, मग बाहेर कितीही थंडी असो. विजेच्या जोडणीला अर्थिंग नीट आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेण्यात संकोच करू नये. कूलरच्या पत्र्यात वीज उतरून होणारे अपघात या शहराला नवे नाहीत. कूलरचे पाणी झिरपून भिंत खराब झाली तर दुरुस्ती कोणी करायची, हेही तोंडी न ठेवता करारात लिहावे. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, परंतु डिपॉझिटमधून होणाऱ्या कपातीचे सर्वांत जास्त भांडण मी याच एका ओल्या भिंतीवरून झालेले पाहिले आहे.

पाण्याबाबत असेच. नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, टाकीपर्यंत ते आपोआप चढते की कोणी टिल्लू पंप लावून ओढते, हे शेजाऱ्यांकडून कळते. मुख्य नळाला थेट पंप जोडणे बेकायदेशीर आहे आणि तपासणीत पंप जप्त होतो. मालकाने "सगळेच लावतात" असे म्हटले तरी घरात राहणारे आपण असतो. तळमजल्यावरचे घर असेल तर पावसाळ्याविषयी अवश्य विचारावे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट आणि आसपासच्या वस्त्यांत शिरले आणि तळमजल्यावरच्या अनेक कुटुंबांचे सारे सामान भिजून गेले. नदी किंवा नाल्याजवळचे घर स्वस्त असेल तर ते का स्वस्त आहे, याचे उत्तर भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेत सापडते.

आणखी एक गोष्ट येथे लिहून टाकतो. आडनाव विचारून, जात किंवा धर्म ताडून घर नाकारण्याची खोड या शहरातून अजून गेलेली नाही. अविवाहित मुलामुलींनाही "फक्त फॅमिलीसाठी" ही पाटी वारंवार वाचावी लागते. मालकाला खाण्यापिण्याविषयी, पाहुण्यांविषयी, रात्री परतण्याच्या वेळेविषयी काही अटी घालायच्या असतील तर त्या त्याने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगाव्यात आणि राहणाऱ्याने त्या मान्य नसतील तर तेथूनच मागे फिरावे. टोकन दिल्यानंतर उलगडणाऱ्या अटी दोघांचेही नुकसान करतात.

दुसरी पायरी : समोरची व्यक्ती खरोखर मालक आहे का

दलालाच्या हाती किल्ली आहे म्हणून त्याला भाडे ठरवण्याचा किंवा डिपॉझिट घेण्याचा अधिकार मिळत नाही. मालकाचे ओळखपत्र, मालमत्ता कराची अलीकडची पावती आणि महावितरणचे ताजे वीजबिल या तीन कागदांवर एकच नाव आहे का, हे पाहावे. मालकी अधिक खात्रीने पाहायची असेल तर नगर भूमापनाची आखीव पत्रिका किंवा विक्रीपत्राची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा) मागावी. नाव वडिलांचे असेल आणि करार मुलगा करत असेल तर मुलाकडे मुखत्यारपत्र हवे. घर अनेक भावांच्या सामाईक मालकीचे असेल तर इतरांची लेखी संमती घेतलेली बरी. वीजबिलावर थकबाकी शून्य आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण वीज जोडणीची थकबाकी घराला चिकटलेली राहते आणि पुरवठा खंडित झाला तर अंधारात बसायची पाळी राहणाऱ्यावर येते.

मालकाच्या बाजूनेही चौकशी करणे योग्यच आहे. नोकरीचे पत्र, आधीच्या घराचा पत्ता, आधीच्या मालकाचा दूरध्वनी हे मागण्यात अपमान नाही. आधारची प्रत देताना मात्र क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी आणि तिच्यावर "केवळ भाडेकरारासाठी" असे लिहून तारीख टाकावी.

तिसरी पायरी : करारात काय असावे

छापील मसुद्यात नावे भरून सही करण्याची पद्धत सोडून द्यावी, हे माझे पहिले सांगणे. त्या मसुद्यांमध्ये बहुधा मालकाच्या हक्कांची यादी लांबलचक असते आणि दुरुस्तीविषयी एक ओळ. भाडे किती, कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, दर वर्षी किती टक्के वाढेल, देखभाल खर्च भाड्यात धरला आहे की वेगळा, हे सर्वजण लिहितात. ज्या गोष्टी सुटतात त्या अशा : मुदतीआधी घर सोडायचे असल्यास कोणी किती दिवसांची सूचना द्यायची, सुरुवातीचे काही महिने कोणालाच करार मोडता येणार नाही अशी अट आहे का, आणि असल्यास ती दोघांवर सारखी बंधनकारक आहे का, रंगकामाचा खर्च किती काळ राहिल्यावर मालकाने सोसायचा, गच्ची, अंगण आणि वाहन ठेवण्याची जागा वापरता येईल का, आणि डिपॉझिट घर सोडल्याच्या दिवशी मिळणार की काही दिवसांनी.

डिपॉझिटला महाराष्ट्रातील १९९९ च्या कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे आणि ती बातमी वाचून अनेकजण मालकाशी वाद घालतात; पण तो नमुना कायदा आहे आणि राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यामुळे जी रक्कम ठरेल ती खरी. ती रोख देऊ नये. बँकेतून द्यावी, व्यवहाराचा क्रमांक करारात लिहावा, आणि "बिनव्याजी, परत करावयाची अनामत रक्कम" हे शब्द करारात असल्याची खात्री करावी.

चौथी पायरी : नोंदणी, आणि अकरा महिन्यांचा गैरसमज

अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा एका अर्धवट समजलेल्या नियमातून आली. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून त्याहून एक महिना कमी ठेवला की नोंदणी टळते, अशी ही युक्ती. महाराष्ट्रात ती चालत नाही. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार हा कायदा लागू झाल्यानंतरचा भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि त्याहून मालकाला जड जाणारी गोष्ट पुढे आहे : नोंदणीकृत लेखी करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले होते याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोटरीचा शिक्का मारून दीडेक हजार रुपये वाचवणारा मालक स्वतःचीच बाजू लंगडी करून घेत असतो.

खर्चाचा हिशेब एकदा करून पाहावा. पाच वर्षांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स कराराला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागते, आणि ते संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर आकारतात. समजा भाडे १२,००० रुपये, डिपॉझिट ३६,००० रुपये आणि मुदत ११ महिने. भाड्याची बेरीज १,३२,००० रुपये, डिपॉझिटचे व्याज ३,३०० रुपये, एकूण १,३५,३०० रुपये. त्यावर शुल्क सुमारे ३३८ रुपये. महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,००० रुपये. तोच करार २४ महिन्यांचा केला तर शुल्क सुमारे ७३८ रुपये होते, पण नोंदणी शुल्क तेवढेच राहते. दर अकरा महिन्यांनी नवा करार करण्यापेक्षा दोन किंवा तीन वर्षांचा करार आणि त्यात वार्षिक वाढीची अट, हे दोघांनाही स्वस्त पडते. खर्च कोणी करायचा हे आपसात ठरवावे. निम्मा-निम्मा करणारे बरेच आहेत.

नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जावेच लागते असे नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून आधारच्या आधारे अंगठ्याचा ठसा देऊन घरबसल्या नोंदणी होते आणि ठसे घेण्याचे यंत्र घेऊन येणारे सेवा पुरवठादारही मिळतात. त्यांची फी आधी विचारावी आणि सरकारी शुल्कापासून वेगळी लिहून घ्यावी. नोंदणी झालेल्या कराराची प्रत दोघांकडेही असावी. आधारवरील पत्ता बदलणे, गॅस जोडणी घेणे, नोकरीत घरभाडे भत्त्याची सवलत मागणे, या सगळ्या कामांना ती लागते. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर जात असेल तर या सवलतीसाठी मालकाचा पॅन क्रमांकही द्यावा लागतो, तेव्हा तो करारातच घेऊन ठेवावा.

पाचवी पायरी : पोलिसांना माहिती

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश पोलीस आयुक्त वेळोवेळी काढत असतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात आणि आदेश मोडल्यास गुन्हा मालकावर दाखल होतो. माहिती ऑनलाइन भरता येते किंवा जवळच्या ठाण्यात देता येते. पोच घ्यावी आणि तिची एक प्रत राहणाऱ्यालाही द्यावी.

सहावी पायरी : किल्ली घेतानाचा अर्धा तास

सामान आत नेण्यापूर्वी रिकाम्या घराचे चित्रीकरण करावे. प्रत्येक खोलीची भिंत, छत, खिडक्यांच्या काचा, नळ, शौचालयाची टाकी, दारांची कुलपे, पंखे आणि दिवे चालू करून दाखवावेत. वीजमीटरवरचे आकडे, आणि पाण्याचा मीटर असेल तर तोही, तारखेसह टिपावा. फर्निचर किंवा पंखे मालकाचे असतील तर त्यांची यादी करून दोघांनी सही करावी. हे सगळे मोबाइलवर मालकाला लगेच पाठवून ठेवावे, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. मी राहिलेल्या एका घरात स्वयंपाकघराच्या ओट्याला आधीपासूनच तडा होता. घर सोडताना त्या मालकांनी तो माझ्या नावावर टाकला आणि चार हजार रुपये कापले. माझ्याकडे एकही छायाचित्र नव्हते. त्यांनाही बहुधा खरेच आठवत नसावे, असे मला आज वाटते. त्या वेळी मात्र मी त्यांच्याशी वर्षभर बोललो नाही.

राहत असताना : भाडे, दुरुस्ती, वीज

भाडे मिळाल्याची लेखी पावती देणे मालकावर कलम ३१ नुसार बंधनकारक आहे. बँकेतून भाडे देत असलो तरी कोणत्या महिन्याचे भाडे आहे ते व्यवहारात लिहावे. भाडे थकले म्हणून मालक दुसऱ्या दिवशी कुलूप लावू शकत नाही. भाडेकरूच्या बाबतीत थकबाकीची लेखी मागणी करून ९० दिवस थांबल्याशिवाय त्या कारणासाठी दावाच दाखल करता येत नाही (कलम १५), आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकलेली रक्कम १५ टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरली तर त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. परवानाधारकाला मात्र हा दिलासा गृहीत धरता येत नाही. त्याच्यासाठी करारातील अट निर्णायक ठरते.

घर राहण्याजोगे आणि दुरुस्त स्थितीत ठेवणे हे कलम १४ नुसार मालकाचे काम आहे. स्लॅब गळतो, मलवाहिनी तुंबते, जुनी वायरिंग तापते, ही दुरुस्ती मालकाची. मालक लक्ष देत नसेल तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्यानंतरही काम झाले नाही तर ते स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. बिले जपून ठेवावीत. नळाचे वायसर, फुटलेली काच, जळालेला दिवा, कूलरची जाळी यांसारख्या रोजच्या वापरातल्या गोष्टी राहणाऱ्याने बघाव्यात, त्यासाठी मालकाला रात्री दहाला फोन करू नये. भिंतीत मोठी भोके पाडणे, पोटमाळा बांधणे, खोलीत पार्टिशन घालणे हे लेखी संमतीशिवाय करू नये. संमतीविना पक्के बांधकाम केले तर तेवढे एक कारण घर रिकामे करून घ्यायला पुरते. घर किंवा त्यातली खोली दुसऱ्याला पोटभाड्याने देणे हेही असेच कारण आहे, आणि "मित्र आहे, काही महिने राहील" हे सांगणे न्यायालयात टिकवणे कठीण जाते.

विजेचा प्रश्न नागपुरात वेगळा होतो तो एकाच मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडे असल्यामुळे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात : पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे सर्वांत जास्त. दोन कुटुंबांचा वापर एकाच मीटरवर मोजला गेला की दोघेही वरच्या टप्प्यात जातात, आणि उन्हाळ्यात कूलर सुरू झाल्यावर मालक आणि भाडेकरू यांच्यात कटुता येते ती येथून. शक्य असेल तर स्वतंत्र मीटर असलेलेच घर घ्यावे. सबमीटर असेल तर मूळ बिल दरमहा दाखवावे, एकूण रक्कम एकूण युनिटांनी भागावी आणि त्या सरासरी दराने आपापला वाटा द्यावा, असे करारात लिहावे. मालकाने मनाने ठरवलेला प्रतियुनिट दर मान्य करू नये.

मालकाला स्वतःचे घर पाहण्याचा अधिकार कलम २८ नुसार आहे, पण आगाऊ सूचना देऊन आणि रास्त वेळी. स्वतःजवळच्या दुसऱ्या किल्लीने आपल्या अनुपस्थितीत दार उघडणे त्यात बसत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत फ्लॅट असेल तर संस्था मालकाकडून बिनभोगवटा शुल्क, म्हणजे स्वतः न राहता फ्लॅट दुसऱ्याला दिल्याबद्दलचे शुल्क, घेऊ शकते, परंतु ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये. ते देणे मालकाचे, राहणाऱ्याचे नव्हे, जोपर्यंत करारात वेगळे लिहिलेले नाही.

वाद झालाच तर

पाणी तोडणे, वीज बंद करणे, जिन्यातला दिवा काढणे, सफाई थांबवणे या मार्गांनी माणसाला घर सोडायला लावणे कलम २९ नुसार गुन्हा आहे. पुरवठा सुरू करण्याचा आदेश मिळावा म्हणून राहणाऱ्याला न्यायालयात अर्ज करता येतो. कायद्याचा मार्ग न घेता बाहेर काढले तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. पोलिसांना घर रिकामे करून देण्याचा अधिकार नाही. धमकी, मारहाण किंवा सामान बाहेर फेकणे घडले तर मात्र तक्रार त्यांच्याकडेच द्यायची.

हेच मालकालाही लागू पडते. परवानाधारक मुदत संपून बसून राहिला, भाडे बंद केले, तर मालकाने संतापून कुलूप बदलले की त्याची बळकट बाजू एका दिवसात कमकुवत होते. नोंदणीकृत करार हातात असेल तर सक्षम प्राधिकाऱ्यापुढे त्यातील मजकूर हाच निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून रीतसर अर्ज करणे हाच त्याच्यासाठी जवळचा रस्ता. भाडेकरू आणि मालक यांच्यातील भाड्याचे व ताब्याचे दावे नागपुरात लघुवाद न्यायालयात चालतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते. डिपॉझिटसारख्या लहान रकमेसाठी दावा करण्याऐवजी तेथूनच समेटाचा प्रयत्न करून घ्यावा, असे मी सुचवीन.

घर सोडताना

सूचना लेखी द्यावी आणि करारात ठरलेल्या मुदतीची द्यावी. "डिपॉझिटमधून शेवटचे दोन महिने वळते करून घ्या" असे परस्पर ठरवून भाडे थांबवू नये. मालकाने लेखी होकार दिला असेल तरच तसे करावे, कारण शेवटच्या महिन्याचे वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती यांसाठी त्याच्याकडे काहीच उरत नाही. सामान हलवल्यावर दोघांनी मिळून रिकामे घर पाहावे, सुरुवातीचे चित्रीकरण शेजारी ठेवावे आणि नित्य वापराने होणारी झीज व प्रत्यक्ष नुकसान यांत फरक करावा. तीन वर्षांत फिका पडलेला रंग ही झीज आहे. मुलांनी रंगवलेली भिंत हे नुकसान. कपात करायचीच असेल तर मालकाने बिल दाखवावे.

वीजमीटरचा शेवटचा आकडा टिपून त्या दिवसापर्यंतचे बिल भरावे. किल्ल्या परत करताना त्यांची संख्या, तारीख, मिळालेले डिपॉझिट आणि दोघांचे एकमेकांकडे काही येणे नाही हा मजकूर एका कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. डिपॉझिट अडकले तर आधी लेखी मागणी करावी, मग वकिलामार्फत नोटीस. रकमेच्या वसुलीसाठी दावा करण्याची मुदत ती रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षे असते. आधारवरचा आणि बँकेतला पत्ता नव्या घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यातच बदलावा, नाहीतर पुढच्या भाडेकरूला आपली पत्रे सांभाळत बसावे लागते; माझ्या वरच्या मजल्यावर आधी राहून गेलेल्या एका मुलाची बँकेची पाकिटे माझ्या दिवाणखान्यात अजून पडून आहेत.